घरची लाइन

"वडजळ उपकेंद्र, बोला."

"लाइनमन बिराजदार बोलतोय. गावठाण फीडरची लाइन क्लिअर पाहिजे होती, मॅडम."

"काम काय आहे?"

"कोरे मंगल कार्यालयाकडं तार जाते ना, तिचा जंपर तुटलाय फाट्याच्या पोलवर. जोडून घेतो."

"माणसं कोण कोण?"

"खाली दस्तगीर, वर मी, आणि सगळ्यांच्या वर तुम्ही."

"बिराजदार, कामाचं बोला. फोन कंपनीचा आहे."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. मी हसले नाही. सकाळी घरातून निघताना आमचं भांडण झालं होतं आणि ते मी डब्याबरोबर बांधून उपकेंद्रापर्यंत आणलं होतं. फोन टेबलावर उताणा ठेवून मी आत गेले, गावाला वीज नेणाऱ्या गावठाण फीडरचा ब्रेकर बंद केला, पुन्हा एकदा बघून घेतलं आणि त्याच्या मुठीला लाल पाटी अडकवली. पाटीवर पांढऱ्या रंगात लिहिलेलं होतं, 'हात लावू नये. माणूस लाइनवर आहे.'

"फीडर बंद केला," मी परत येऊन म्हणाले. "साखळी घेतलीय का?"

"घेतलीय."

"दोन्ही बाजूंना टाकायची."

"होय मॅडम."

"लाइन क्लिअर दिली. मल्लिनाथ सिद्रामप्पा बिराजदार."

"घेतली. महानंदा मल्लिनाथ बिराजदार यांच्याकडून." मग आवाज खाली आणून, "अजून फुगलीयस का गं?"

मी फोन ठेवून दिला.

नवरा लाइनमन आणि बायको त्याच फीडरची ऑपरेटर, हे आमच्या तालुक्यात तरी दुसरीकडे कुठे नव्हतं. लोकांना त्याची गंमत वाटायची. आम्ही आयटीआयला एका वर्गात होतो. वर्गात मुलगी मी एकटीच. पोल चढण्याची परीक्षा झाली तेव्हा मल्लू माझ्यामागून वर पोचला होता, आणि ही गोष्ट मी त्याला लग्नानंतरही महिन्यातून एकदा तरी ऐकवत असे. दोघांना नोकरीही एकदमच लागली. मात्र हजर व्हायला गेलो तेव्हा उबाळे साहेबांनी त्याच्या हातात पक्कड आणि कमरेचा पट्टा दिला आणि मला म्हणाले, "तुम्ही उपकेंद्रात बसा. बाईमाणूस, वर कुठं चढणार?" परीक्षेतला माझा निकाल त्यांच्या समोरच पडला होता.

तेव्हापासून मी खुर्चीत होते. खिडकीतून पोलांची रांग दिसायची आणि जीव नुसता तळमळायचा. मी लाइनवर काम मिळावं म्हणून अर्ज करायचे आणि साहेब बघू म्हणायचे. शेवटी त्या आठवड्यात साहेब कंटाळून म्हणाले होते, "बरं, घरच्यांची हरकत नसेल तर पाठवतो वर." मी सासऱ्यांना विचारलं. आमचे अप्पा स्वतः लाइनमन म्हणून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "चढ की पोरी. हात शाबूत आणि डोकं ठिकाणावर असलं की तारेला बाई काय अन् गडी काय."

हरकत निघाली ती मल्लूची. सकाळी चहा पिताना तो म्हणाला, "तू वर चढलीस तर माझी लाइन कोण धरणार?"

"दुसरा धरेल की. दुसऱ्या पाळीला शिवशरण नाही का धरत?"

"शिवशरण माणूस चांगला हाय. पण त्याच्या लाइनवर माझं अर्धं ध्यान तारेत आणि अर्धं त्याच्यात असतंय. तुझी ड्यूटी असली की डोकं कसं शांत असतंय, नंदे."

"तुझं डोकं शांत राहावं म्हणून मी जन्मभर खुर्चीत बसू?"

"बस की. डोक्यावर पंखा हाय, हातात माझा जीव हाय. अजून काय पाहिजे बाईला?"

तो चेष्टेत म्हणाला. मला तेव्हा राग आला. तेवढ्यात अप्पा चपला घालायला दारात येऊन बसले, त्यांच्यासमोर त्याला अरेतुरे करता येत नव्हतं, नाहीतर मी चांगलीच हजेरी घेतली असती. मी म्हणाले, "अहो, तुमचा डबा तुम्हीच भरून घ्या आज." आणि माझा तेवढा घेऊन निघून आले. माझ्या मते ही मोठी शिक्षा होती.

लाइन क्लिअर देऊन झाल्यावर ऑपरेटरला काहीच काम नसतं आणि तेच सगळ्यात अवघड काम असतं. वर माणूस आहे आणि आपण त्याच्यासाठी तार मेलेली ठेवायची, एवढंच. अप्पांनी आम्हा दोघांना लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच समोर बसवून सांगितलं होतं, "ज्यानं लाइन घेतली त्यानंच परत द्यायची. जिनं दिली तिनंच परत घ्यायची. मधी साहेब येऊ दे, नाहीतर देव येऊ दे." आणि परत घेताना काय विचारायचं तेही त्यांनी पाठ करून घेतलं होतं. माणसं खाली आली का, आणि साखळी काढली का.

साखळी म्हणजे फार काही नसतं. लाइन बंद झाली की लाइनमननं ती तारांवर टाकायची आणि तिचं टोक जमिनीत रोवलेल्या सळईला जोडायचं. पुढून, मागून, कुठूनही चुकून करंट आलाच तर तो माणसात न शिरता मातीत जातो. काम संपलं की काढायची. मी विचारायचे, "साखळी काढली?" आणि मल्लू दर वेळी काहीतरी शेपूट जोडायचा. "काढली, पुसली, पिशवीत ठेवली." कधी म्हणायचा, "काढली, तुझ्या पैठणीसारखी घडी घातली." मी वरवर रागवायचे.

त्या दिवशी लाइन बंद झाल्यावर फोन सुरू झाले. पिठाच्या गिरणीवाला म्हणाला दळणाची रांग लागलीय. पाणीपुरवठ्याचा पंप चालवणारा म्हणाला टाकी अर्धीच भरलीय. सगळ्यांना मी एकच सांगत होते, माणूस वर आहे, खाली आला की लाइट येईल. लोक ऐकतात. कुरकुरतात, पण माणूस वर आहे म्हटलं की बहुतेक जण फोन ठेवतात.

मग गेटसमोर मोटारसायकल थांबली. कोरे मंगल कार्यालयाचे मालक, वसंत कोरे, घामाघूम होऊन आत आले. गळ्यात सोन्याची साखळी, शर्टावर हळदीचे डाग.

"मॅडम, काय चालवलंय? सकाळपास्नं अंधार. वऱ्हाड आलंय, हळद लागायची हाय, बाप्ये गरमीनं उठून चाललेत."

"तुमच्याच तारेचं काम चालू आहे. फाट्यावर लाइनमन वर चढलाय."

"ते बघितलं मी येताना. पण अर्धा तास तरी सोडा की लाइन. तेवढ्यात हळद उरकतो."

"माणूस वर असताना?"

"त्याला म्हणावं, उतर जरा."

"तो तुमच्यासाठीच चढलाय. तुटलेला जंपर, म्हणजे तारेचा जोड, बसवल्याशिवाय तुम्हाला लाइट मिळणारच नाही. मी इथून लाइन सोडली तरी तुमच्याकडं पोचायची नाही."

हे त्यांच्या डोक्यात शिरलं. त्यांनी रुमालानं मान पुसली. "मग जनरेटर लावतो. डिझेलचा भुर्दंड, दुसरं काय."

"चेंजओव्हर बसवलाय ना?" मी विचारलं. जनरेटर लावताना आपली वायरिंग कंपनीच्या तारेपासून तोडायला एक खटका लागतो, त्याला चेंजओव्हर म्हणतात. हे विचारायची सवय होती म्हणून विचारलं.

"सगळं बसवलंय, मॅडम. नवीन कार्यालय हाय आमचं," ते म्हणाले आणि गाडीला किक मारून गेले.

ते गेले तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. मी डबा उघडला. भाकरी, शेंगाचटणी आणि वांग्याची भाजी. मल्लूनं डबा भरून घेतला असेल का, की रागानं तसाच गेला असेल, असं मनात आलं. लाइन परत देताना फुगलीयस का म्हणून तो पुन्हा विचारणार आणि मी नाही म्हणणार, हे मी ठरवून टाकलं होतं. शिवाय हेही सांगणार होते की अर्ज मागं घेत नाही. वर चढणारच. पण महिन्यातले थोडे दिवस शिवशरणची ड्यूटी मी घेईन आणि त्याची लाइन धरीन. भाकरीचा तुकडा हातात घेऊन मी हा तोडगा काढला आणि मला माझाच अभिमान वाटला.

फोन वाजला. मी हात न धुताच उचलला.

"वहिनी." दस्तगीर होता. मागून माणसांचा कालवा ऐकू येत होता. "वहिनी, लाइन सोडली का तुम्ही?"

"नाही. का?"

"सोडली नाही ना? नक्की?"

"दस्तगीरभाऊ, काय झालं?"

"मल्लूभाऊंना झटका बसला. पट्ट्यावर लोंबकळायलेत. शिडी आणायलो. सोडू नका हां वहिनी, लाइन सोडू नका."

मी आत धावले. ब्रेकर बंद होता. पाटी होती तशी अडकवलेली होती. मी मुठीला हात लावून बघितला, मग पाटीला. मी काही केलेलं नव्हतं. तरी मी तिथून हलले नाही, कारण आता वर दस्तगीर चढणार होता, गावातली पोरं चढणार होती, आणि मी जागा सोडली आणि कुणी आत येऊन काही केलं तर? माझे पाय फाट्याकडे पळायला बघत होते. ते अंतर मी पळतसुद्धा गेले असते. पण लाइन माझ्या नावावर दिलेली होती. मी ब्रेकरसमोर स्टूल ओढलं, फोन मांडीवर ठेवला आणि पाटी दोन्ही हातांनी धरून बसले.

गेटवर माणसं जमायला लागली. गावात बातमी माझ्याआधी पोचली होती. एक बाई मोठ्यानं म्हणाली, "हिनंच सोडली असंल लाइन. नवऱ्याशी भांडण झालतं म्हनं सकाळी." आमचं भांडण हिला कुठून कळलं, हा एक वेडगळ विचार माझ्या मनात आला. दुसरा कुणी म्हणाला, "बायामान्सांना कशाला बसवायचं असल्या ठिकाणी." मी खिडकीतून ओरडून सांगावं असं वाटत होतं की बघा, या आत, ही पाटी बघा. पण आत कुणाला येऊ द्यायचं नव्हतं. मी गेटला कुलूप घातलं आणि परत येऊन बसले.

मी दस्तगीरला फोन लावत राहिले. तो उचलत नव्हता. अप्पांना लावला. तेही उचलत नव्हते.

ऊन खिडकीतून सरकत टेबलापर्यंत आलं तेव्हा फोन आला.

"महानंदा, उबाळे बोलतोय. मी फाट्यावर आहे. इथला पोल आम्ही दोन्हीकडून तोडून वेगळा केलाय. फीडरच्या बाकी तारेवर कुणी नाही, मी स्वतः बघितलंय. दवाखान्याला लाइट नाही, लसी खराब होतील. फीडर चार्ज कर."

"मल्लिनाथ कसे आहेत?"

"ते... कोऱ्यांचा जनरेटर उलटा आला तारेत. त्यांचा खटका नुसताच भिंतीला होता, जोडलेला नव्हता. तुझ्याकडून काही चुकलेलं नाही. तू आधी फीडर चार्ज कर."

"लाइन क्लिअर बिराजदारांनी घेतलीय साहेब. त्यांच्याकडं फोन द्या."

"महानंदा..."

"ज्यानं घेतली त्यानंच परत द्यायची. त्यांना फोन द्या. बोलता येत नसेल तर नुसतं हो म्हणू द्या, मी आवाज ओळखते."

मग फोन हातातून हातात गेल्यासारखी खरखर झाली.

"पोरी," अप्पा म्हणाले.

मी फोन कानाशी दाबला.

"तो देऊ शकत न्हाई, बाळ."

मी पाटी सोडली नाही. मी रडत नव्हते. मला असं वाटत होतं की मी जोवर लाइन परत घेत नाही तोवर तो लाइनवर आहे. पाटीवर तसं लिहिलेलंच होतं.

"त्याच्या जागी मी देतो," अप्पा म्हणाले. "सिद्रामप्पा गुरुशांत बिराजदार. आयुष्यभर हेच केलंय. आता हे एक करतो. घे परत."

"अप्पा, मला नाही घेता येत."

"तूच दिलीस न्हवं? मग तूच घ्यायची. दवाखान्यात दुसऱ्यांची लेकरं हायती. विचार, मी सांगतो तसं विचार."

त्यांचा आवाज अजून घट्ट होता. ते माझ्यासाठी तो घट्ट ठेवत होते.

"माणसं..." मी म्हणाले. "माणसं खाली आली का?"

"खाली आली."

"साखळी काढली?"

मला वाटलं फोन कट झाला. मी पुन्हा विचारलं, "अप्पा, साखळी काढली का?"

"साखळी..." अप्पांचा आवाज तिथं फुटला. जो आवाज मुलगा गेल्याचं सांगताना फुटला नव्हता, तो या एका प्रश्नावर फुटला. "लावलेलीच न्हवती गं पोरी. पिशवीत हाय. त्यानं लावलेलीच न्हवती."

नियमानं मी म्हणायला हवं होतं, परत घेतली. ते मी म्हणाले की नाही, मला आठवत नाही. पाटी काढलेली आठवते. ती मुठीतून निघत नव्हती, दोरीचा पीळ बसला होता. तो सोडवला, पाटी भिंतीवरच्या खिळ्याला लावली आणि ब्रेकर चालू केला. बाहेर गेटवर कुणाच्या तरी तोंडून "आली, लाइट आली" असा आवाज निघाला. मग मी खाली फरशीवर बसले आणि शिवशरण माझी ड्यूटी घ्यायला आला तेव्हाही तिथंच बसलेली होते.

माती झाली, दिवस झाले. पाहुणे पांगले. माझ्या डोक्यात मात्र एकच गोष्ट फिरत होती. मल्लू आळशी नव्हता. बेफिकीर तर मुळीच नव्हता. घरातला बल्ब बदलतानासुद्धा पायात चप्पल आहे ना बघणारा माणूस. शिवशरणला मी विचारलं, तर तो म्हणाला, "माझ्या लाइनवर तर दोन्ही बाजूंनी साखळी टाकून मला फोनवर आवाज ऐकवायचा तो. छळायचा नुसता." मग त्या दिवशीच का नाही?

दस्तगीर त्याची पिशवी घेऊन घरी आला. दारातच उभा राहिला, आत येईना. मी पाणी दिलं ते हातात धरून राहिला.

"भाऊ, तुम्ही खाली होता," मी म्हणाले. "तुम्ही सांगितलं नाही त्यांना साखळी टाका म्हणून?"

"सांगितलं, वहिनी."

"मग?"

तो अप्पांकडं बघायला लागला. अप्पांनी मान वळवली. त्यांना आधीच कळलेलं होतं, आणि त्यांनी ते माझ्यापासून लपवलं होतं.

"सांगा," मी म्हणाले. "मला कळलं पाहिजे."

"तुमची ड्यूटी असली की कधीच टाकत न्हवते, वहिनी," दस्तगीर म्हणाला. "एकदाबी न्हाई. मी म्हणायचो, भाऊ, टाका की, वहिनी फोनवर विचारत्यात. तर हसायचे. म्हणायचे, राहू दे रे दस्तगीर, आज घरची लाइन हाय."

मी पिशवी उघडली. पक्कड, हातमोजे, तारेचा तुकडा. तळाशी साखळी होती, खरंच घडी घातलेली. म्हणजे इतके दिवस मी "काढली?" विचारायचे आणि तो "काढली, पुसली, पिशवीत ठेवली" म्हणायचा, तेव्हा दर वेळी ती पिशवीतच असायची. तो मला फसवत होता आणि फसवताना त्याला वाटत असणार की यापेक्षा जास्त प्रेम बायकोवर करता येत नाही. करंट माझ्याकडून येणार नाही, याची त्याला खात्री होती. आणि ती खात्री खरी होती. माझ्याकडून आला नाही.

मी साखळी छातीशी धरून त्या दिवशी पहिल्यांदा रडले. दस्तगीर पाण्याचा तांब्या खाली ठेवून निघून गेला.

माझा अर्ज साहेबांनी पुढं मंजूर केला. या वेळी कुणी हरकत घेतली नाही. आज इतकी वर्षं झाली, मी लाइनवर आहे. अप्पा होते तोवर दारात बसून मी येईपर्यंत वाट बघायचे. वडजळच्या खुर्चीत आता एक हुशार मुलगा बसतो. त्याची चूक मी आजवर पाहिलेली नाही. तो फीडर बंद करून सांगतो, "ताई, लाइन मेलीय, बिनधास्त चढा." मी होय म्हणते, पिशवीतून मल्लूची साखळी काढते आणि दोन्ही बाजूंना टाकते. काम झाल्यावर तो विचारतो, "ताई, साखळी काढली?" आणि मी "काढली" एवढंच म्हणते. त्याच्यापुढं काही जोडत नाही.

त्या मुलाला कधीतरी वाटत असेल की ताईंचा आपल्यावर विश्वास नाही. त्याला काय सांगू? विश्वास आहे रे बाबा. पण मल्लू गेल्यापासून मला कुठलीच लाइन घरची वाटत नाही.